कोळ्याचे पालन आणि निरीक्षण

मनुष्याने आजवर जे प्राणी पाळले त्यांची यादी करू लागल्यास गाय, बैल, कुत्रा, मांजर, पोपट, कबुतर अशी नावे आपल्या तोंडी सहज येतात. त्या यादीत कोळ्याचे नाव घातले तर आपल्या घरातील वडीलधारी माणसे हसल्यावाचून राहणार नाहीत. घरात कोळी दिसला की केरसुणी हाती घ्यावयाची, एवढाच आपला व त्याचा संबंध. तथापि जगात अनेक ठिकाणी हौशी लोक टॅरंटुला नावाचे मोठे केसाळ कोळी काचेच्या पेटीत वर्षानुवर्षे पाळतात, त्यांना वेळच्या वेळी खाऊ घालतात आणि त्यांच्या हालचालींची टिपणे ठेवतात. हा छंद कसा चालतो, त्यातून काय पाहावयास मिळते आणि पांढुर्णा-सौंसरच्या विद्यार्थ्याने त्यातून काय घ्यावे व काय सोडावे, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कोळी म्हणजे काय हे पाहू. कोळ्याला आपण बोलण्याच्या ओघात किडा म्हणतो. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग पडतात; कोळ्याचे डोके व छाती एकजीव होऊन एकच भाग झालेला असतो व त्यामागे पोट असते. त्याला पंख नसतात, मिशाही नसतात. विंचू व गोचीड हे त्याचे नातलग होत. संस्कृतात कोळ्याला ‘लूता’ आणि ‘ऊर्णनाभ’ अशी नावे आहेत. ऊर्णनाभ म्हणजे ज्याच्या नाभीतून लोकर निघते तो. नाव सुंदर आहे. मात्र धागा नाभीतून न येता पोटाच्या मागील टोकास असलेल्या बारीक बोंडांतून बाहेर पडतो. मराठीत ‘कातीण’ असाही एक शब्द आहे, आणि सूत कातणाऱ्या या जीवाला तो शोभून दिसतो. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे.

टॅरंटुला या नावाची कथा मोठी मौजेची आहे. इटलीच्या दक्षिणेस तारांतो नावाचे शहर आहे. त्या भागात एका कोळ्याच्या दंशाने माणसाला वेड लागते व ते उतरविण्यासाठी बेभान होऊन नाचावे लागते, अशी जुन्या काळी समजूत होती. त्यावरून त्या कोळ्याला टॅरंटुला व त्या नाचाला तारांतेल्ला म्हणू लागले. तो कोळी खरे पाहता मध्यम आकाराचा, जमिनीवर धावून शिकार करणारा होता आणि त्याच्या दंशाने वेड लागत नव्हते. पुढे युरोपातील लोक अमेरिका खंडात गेले, तेव्हा तेथील प्रचंड केसाळ कोळ्यांना त्यांनी हेच नाव दिले, व ते त्यांनाच चिकटून राहिले. इ. स. १७०५ मध्ये मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम देशाच्या कीटकांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एका चित्रात मोठा कोळी एका चिमुकल्या पक्ष्याला खात असलेला दाखविला होता. पुष्कळ विद्वानांनी या चित्राला थाप म्हणून हसण्यावारी नेले. परंतु मोठे कोळी क्वचित लहान पक्षी धरतात हे पुढे निरीक्षणाने सिद्ध झाले. या कुळातील सर्वांत मोठ्या दक्षिण अमेरिकन कोळ्याचे पाय पसरले असता त्यांची रुंदी सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या भाकरीएवढी भरते.

आपल्या देशातही टॅरंटुलाच्या कुळातील अनेक जाती आहेत. काही जमिनीत बीळ करून राहतात, काही झाडांच्या ढोलीत. इंग्रज शास्त्रज्ञ आर. आय. पोकॉक याने १८९९ मध्ये आंध्रातील गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका कोळ्याचे वर्णन केले. त्याचा रंग लखलखीत निळा असून अंगावर पिवळी-पांढरी नक्षी होती. पीसिलोथेरिया मेटॅलिका हे त्याचे शास्त्रीय नाव. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे हा कोळी कोणाच्या दृष्टीस पडल्याची नोंद नाही. अखेर २००१ मध्ये नंद्याल व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा आढळला. गुत्तीच्या वखारीत तो बहुधा लाकडांबरोबर प्रवास करून आला असावा. पोकॉकचा भारतातील कोळी व विंचू यांवरील ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पुण्यास भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत काम करणारे बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांवर मोठे ग्रंथ लिहिले. त्यांचे सर्वोपयोगी मार्गदर्शक पुस्तक १९८७ चे आहे.

आता पाळलेल्या टॅरंटुलाची व्यवस्था पाहू. काचेच्या पेटीत तळाशी ओलसर माती, लपावयास झाडाची साल किंवा फुटक्या कुंडीचे खापर, एका उथळ बशीत पाणी आणि वर हवेशीर पण घट्ट झाकण. एवढे झाले की घर तयार झाले. एका पेटीत एकच कोळी ठेवतात, कारण दोन ठेवल्यास बहुधा एकच उरतो. खाद्य म्हणून रातकिडे, नाकतोडे किंवा झुरळे देतात. भक्ष्य कोळ्याच्या पोटापेक्षा मोठे असू नये, असा साधा नियम आहे. वाढत्या पिलाला आठवड्यातून दोनदा व पूर्ण वाढलेल्या मादीला आठ-दहा दिवसांतून एकदा खाऊ घातले तरी पुरते. पाळणाऱ्याला वाटते की रोज खाऊ घालावे. परंतु कोळ्याचा देह उपवासाला सरावलेला असतो. पूर्ण वाढलेला टॅरंटुला कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, अन्नावाचून राहू शकतो; पाण्यावाचून मात्र त्याचे चालत नाही. न खाल्लेले भक्ष्य दुसऱ्या दिवशी काढून घ्यावे लागते, नाहीतर जो खावयाचा तोच कोळ्याला कुरतडू लागतो.

कोळ्याचे जेवण पाहणे हा एक विलक्षण अनुभव असतो. टॅरंटुलाला आठ डोळे असूनही दृष्टी मंद असते. त्याच्या पायांवरील केसांना जमिनीचा कंप व हवेची हालचाल कळते आणि त्यावरूनच तो भक्ष्य ओळखतो. झेप घेऊन तो दोन सुळे भक्ष्यात रोवतो व विष सोडतो. पुढचे काम सावकाशीचे असते. कोळ्याला आपल्याप्रमाणे घास गिळता येत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस ओततो, त्याने आतील मांस पातळ झाले की ते शोषून घेतो. आपण अन्न पोटात पचवितो, कोळी ते बऱ्याच अंशी पोटाबाहेरच पचवितो. जेवण संपले म्हणजे पंख, पाय व कवच यांची एक लहानशी गोळी तेवढी उरते.

याहून अद्भुत प्रकार म्हणजे कात टाकणे. कोळ्याचे कवच शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून लहान झालेला सदरा काढून टाकावा तसे ते त्याला वेळोवेळी टाकावे लागते. कात टाकण्याच्या आधी तो खाणे सोडतो. मग टॅरंटुला चक्क पाठीवर उताणा पडतो व पाय वर करून स्तब्ध राहतो. नवशिक्या माणसाला तो मेलाच असे वाटते. काही तासांत जुने कवच फाटते आणि एकेक पाय मोज्यातून काढावा तसा बाहेर येतो. नवे अंग मऊ असते, सुळेही पांढरे व नरम असतात. त्या अवस्थेत त्याला हात लावला किंवा पेटीत जिवंत रातकिडा सोडला तर कोळ्याचा प्राण जाण्याचा संभव असतो. कवच कठीण होईपर्यंत काही दिवस त्याला तसेच सोडावे लागते. पाळणाऱ्याच्या धीराची परीक्षा खाऊ घालण्यात होत नाही, ती या वेळी होते.

टॅरंटुलाचे आयुष्य हा विचार करण्यासारखा विषय आहे. नर प्रौढ झाल्यावर थोडेच दिवस जगतो, फार तर एक-दोन वर्षे. मादी मात्र वीस वर्षे व त्याहूनही अधिक जगू शकते. पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलाने लहान मादी आणली, तर तो शिक्षण संपवून नोकरीला लागेपर्यंत ती त्याच्या घरी असावयाची. प्रौढ व्हावयासच तिला कित्येक वर्षे लागतात. अशा प्राण्याच्या पाच-दहा माद्या एखाद्या टेकडीवरून खणून नेल्या, तर ती उणीव पुढच्या पावसाळ्यात भरून निघत नाही. दुर्दैवाने परदेशांतील छंदापायी आपल्याकडील कोळी पकडून विकण्याचा चोरटा व्यापार होतो. गुत्तीचा निळा कोळी आज अत्यंत संकटग्रस्त जातींत गणला जातो. जंगलतोड व हा व्यापार, ही दोन्ही त्याची कारणे आहेत. २०१९ मध्ये पीसिलोथेरिया या संपूर्ण गणाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन अशा आंतरराष्ट्रीय यादीतील प्राण्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडले गेले आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील पुष्कळ टॅरंटुला पोटावरील खाजरे केस उडवून बचाव करतात. आपल्याकडील जातींना ते केस नसतात, म्हणून त्या चावण्यावर अधिक भिस्त ठेवतात. त्यांच्या दंशाने माणूस दगावल्याचे सिद्ध झालेले नाही. पण वेदना तीव्र असतात व काही जातींच्या दंशाने स्नायूंत वांब येतात. तेव्हा सातपुड्याच्या रानात किंवा शेताच्या धुऱ्यावर रेशमी अस्तर लावलेले बीळ दिसले तर ते खणू नये, त्यात काडी घालू नये. रात्री कंदिलाच्या मंद उजेडात दूर बसून पाहावे, हेच श्रेयस्कर.

मग आमच्या विद्यार्थ्यांनी कोळी पाहूच नयेत काय? तसे मुळीच नाही. फ्रान्सच्या दक्षिणेस जाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) नावाचा एक शिक्षक राहत असे. त्याच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. घराभोवतीच्या ओसाड जमिनीत व मातीच्या कुंड्यांवर जाळीचे झाकण घालून त्याने आपल्या गावचेच कोळी, गांधीलमाशा व भुंगेरे पाहिले, आणि जे पाहिले ते इतके स्वच्छ लिहिले की ते जगभर वाचले गेले. त्याच्या गावच्या बिळातील कोळीण आपली शेकडो पिले पाठीवर घेऊन कशी हिंडते, हे त्याने महिनोन्महिने टिपले. फाब्रला जे साधले त्याचा आरंभ करण्यास आपल्या घरातील सामग्री पुरेशी आहे.

पांढुर्णा, सौंसर व आसपासच्या खेड्यांत कोळ्यांची वाण नाही. कवेलूच्या घरात रात्री भिंतीवर चपटा, तपकिरी, लांब पायांचा मोठा कोळी दिसतो. तो जाळे विणीत नाही; झुरळांची शिकार करतो. त्याची मादी पांढऱ्या चपट्या टिकलीसारखी अंड्यांची पिशवी पोटाखाली धरून फिरते. याच कोळ्याला पाहून लोक टॅरंटुला समजतात. पण तो निराळ्या कुळातला, माणसापासून पळणारा प्राणी आहे. कोपऱ्यात सुताएवढ्या बारीक पायांचा कोळी विस्कळीत जाळे करून लटकत असतो. त्याला फुंकर घातली की तो जाळ्यासकट इतका थरथरतो की नीट दिसेनासा होतो. ही त्याची बचावाची युक्ती. त्याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसते. खिडकीवर उड्या मारणारा बुटका कोळी आढळतो. त्याचे समोरचे दोन डोळे मोठे असून त्याची दृष्टी फार तीक्ष्ण असते. आपण बोट हलविले की तो वळून आपल्याकडे पाहतो. संत्र्याच्या बागेत व कुंपणावर भाद्रपद-आश्विनात गोल जाळ्याच्या मध्यभागी पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली काढून तिच्यावर डोके खाली करून बसलेली कोळीण पाहावी. बाभळीच्या काट्यांत मळकट रेशमाचा गोळा दिसला, तर तो एकत्र राहणाऱ्या कोळ्यांचा वाडा असू शकतो. त्यात शेकडो कोळी मिळून जाळे राखतात व मिळून शिकार करतात. या जातीत माता अखेरीस आपल्या पिलांचेच भक्ष्य होते. स्वतःचा देह देऊन ती त्यांना वाढविते.

ज्याला घरी निरीक्षण करावयाचे असेल त्याने घरातीलच एखादा उड्या मारणारा कोळी पंधरा दिवसांपुरता पाहुणा म्हणून ठेवावा. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. कोळ्यावर पेला उपडा घालून खालून जाड कागद सरकवावा, म्हणजे हात न लावता तो बरणीत सोडता येतो. आत एक वाळकी काडी, तळाशी थोडी माती व कोपऱ्यात पाण्याने भिजविलेला कापसाचा बोळा ठेवावा. तोंडाला मलमलीचे फडके दोऱ्याने बांधावे. बरणी उन्हात ठेवू नये. तीन-चार दिवसांनी एक माशी, डास किंवा लहान पतंग आत सोडावा. घरात औषध फवारल्यावर किंवा बागेत फवारणी झाल्यावर तेथील किडा कोळ्याला कधीही घालू नये, कारण त्या विषाने कोळीही मरतो. दोन आठवडे झाले की जेथून आणला तेथेच त्याला सोडून द्यावे. अंड्यांची पिशवी घेतलेली मादी मुळीच धरू नये. चुकून कोणास कोळी चावला तर ती जागा साबणाने धुऊन गार पाण्याची घडी ठेवावी आणि सूज वा वेदना वाढल्यास डॉक्टरांकडे जावे. जखमेवर ब्लेड चालविणे किंवा चुना-तंबाखू बांधणे हे दंशापेक्षाही अपायकारक ठरते.

निरीक्षणाची वही स्वतंत्र असावी. तीत तारीख, वेळ व हवामान लिहावे. नंतर जे दिसले तेच लिहावे, जे वाटले ते निराळे लिहावे. ‘कोळी रागावला’ असे न लिहिता ‘कोळ्याने पुढचे दोन पाय वर उचलले’ असे लिहावे. काही प्रश्न आम्ही सुचवितो. माशी आत सोडल्यापासून झेप घेईपर्यंत किती वेळ गेला? झेपेपूर्वी त्याने मागे धागा चिकटविला काय? जेवण किती मिनिटे चालले व शेवटी काय उरले? दिवसा तो कोठे बसतो, रात्री कोठे? त्याने कात टाकली काय, आणि त्यापूर्वी किती दिवस खाल्ले नाही? बागेतील जाळे पाहणाऱ्याने ते सकाळी केव्हा नवे झाले व दिवसाकाठी किती किडे सापडले, हे मोजावे. दोघा-तिघांनी एकाच जातीचे कोळी पाहून वह्या ताडून पाहिल्या, तर चुका आपोआप उघड होतात.

याचा आपल्या भागाशी निकटचा संबंध आहे. आपला सारा परिसर संत्रा व कापूस यांवर जगतो. संत्र्यावर सायला, कोळशी, पाने पोखरणारी अळी अशा अनेक किडी पडतात, आणि बागेतील कोळी अशा अनेक बारीक किडींना व पतंगांना खाऊन त्यांना आळा घालतात. कोळी निवडून खात नाही, त्याच्या जाळ्यात कधी मधमाशीही सापडते, हे खरे; त्याच्या एकट्याच्या बळावर बाग वाचेल असेही कोणी समजू नये. परंतु गरज नसताना केलेल्या फवारणीने किडींबरोबर कोळीही मरतात. किडी लवकर वाढतात, कोळी सावकाश. म्हणून फवारणीनंतर कधी कधी कीड पूर्वीपेक्षा जोमाने उलटते. २०२३ मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्याच्या बागांत कोणते कोळी आहेत, फवारणीपूर्वी किती होते व नंतर किती उरले, याची साधी मोजणी शाळेतील मुलांनी दर वर्षी एकाच बागेतील त्याच दहा झाडांवर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत केली, तरी पाच-सात वर्षांत ती वही शेतकऱ्यांच्या उपयोगी पडेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार भरते, त्याच सुमारास बागेतील जाळी मोठी व्हावयास लागतात. तेव्हा मोजणीचा मुहूर्त विसरण्याची भीती नाही.

अशा चिकाटीचे फळ काय मिळते याचे एक उदाहरण सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये झाकणाची बिळे करून राहणाऱ्या कोळ्यांची पाहणी आरंभिली. प्रत्येक बिळाशेजारी त्यांनी क्रमांकाची खूण रोवली. सोळा क्रमांकाच्या बिळात एक मादी होती. ती कोणी पेटीत घातली नाही, तिला कोणी खाऊ घातले नाही. बाई वर्षानुवर्षे तेथे जात, झाकण पाहत व वहीत नोंद करीत. २०१६ मध्ये त्या बिळाच्या झाकणाला परोपजीवी गांधीलमाशीने भोक पाडलेले व मादी नाहीशी झालेली आढळली. त्या वेळी तिचे वय त्रेचाळीस वर्षे होते. इतके दीर्घ आयुष्य लाभलेला दुसरा कोळी जगात नोंदलेला नाही. बीळ जागच्या जागी राहू दिले म्हणूनच ही गोष्ट मनुष्याला कळली.

कोळ्याला भिणाऱ्यांनी भीती एकदम टाकावी असा आमचा आग्रह नाही. मात्र केरसुणी उचलण्यापूर्वी एक दिवस वही उचलावी. भिंतीवरच्या ज्या कोळ्याच्या पोटाखाली पांढरी टिकली दिसेल, त्याला पेला व कागद यांच्या साह्याने अंगणात किंवा गोठ्यात नेऊन सोडावे. घरातील धाकट्या भावंडांना त्याचे पाय मोजून दाखवावे. येत्या वर्षीच्या अंकासाठी आपल्या वहीतील पाच ओळी जरी कोणी लिहून दिल्या, तरी हा लेख लिहिल्याचे आम्हांस समाधान वाटेल.